हृदयाच्या ऑपरेशनआधीचा व्यायाम: घरची माणसं विचारतात ते प्रश्न

बायपासची किंवा झडपेच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात पहिला हुकूम सुटतो: 'आता गप्प पडून राहा.' कोणी मायेने म्हणतं, कोणी धास्तीने. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात फिजिओथेरपी करते आणि अशा घरांत माझा सगळ्यांत जास्त वेळ या एका हुकमाशी भांडण्यात जातो. खालचे प्रश्न तिथलेच आहेत, पडवीत बसून, चहा घेताना विचारलेले.

एक गोष्ट आधीच सांगते. यातलं काहीही सुरू करण्याआधी तुमच्या हृदयतज्ज्ञांना किंवा सर्जनना सरळ विचारा, 'मी चालू का? किती चालू?' त्यांचं उत्तर माझ्या इथल्या कुठल्याही वाक्याच्या वरचं.

हृदयच अधू झालंय, मग व्यायाम कशाला? विश्रांती नको का?

विश्रांती हवीच. पण खाटेला खिळून राहणं ही विश्रांती नव्हे, त्याची किंमत शरीर लगेच वसूल करतं. २००७ साली अमेरिकेत साठी ओलांडलेल्या १२ धडधाकट माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवून मोजमापं घेतली होती. एवढ्यात त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ १ किलोने घटलं. ती माणसं आजारी नव्हती, हे लक्षात घ्या. ऑपरेशनची वाट पाहत महिनाभर पडून राहिलेल्या आजोबांचं काय होत असेल!

ऑपरेशन हृदयाचं होतं, पण त्यानंतर उठायचं असतं पायांनी आणि कफ काढायचा असतो छातीने. म्हणून पाय आणि छाती आधी तयार करायची.

आमच्या बाजूचे एक काका आठवतात. आयुष्यभर कुळागरात राबलेले, सुपारीचे घड डोक्यावरून आणणारे. ॲन्जिओग्राफीत तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या, तारीख मिळायला सहा आठवडे लागले आणि तेवढे दिवस मुलांनी त्यांना अंगणातल्या तुळशीपर्यंतही जाऊ दिलं नाही. चहा खाटेवर, पेज खाटेवर. ऑपरेशनच्या आठवड्यात मी गेले आणि म्हटलं, 'काका, हात न लावता खुर्चीवरून उठून दाखवा.' त्यांनी दोनदा जोर केला, दोनदा परत बसले आणि मग खुर्चीचे दोन्ही हात पकडूनच उठले. ऑपरेशननंतर नेमकं तेच करायची मनाई असते. आजार त्यांच्या हृदयात होता, मांड्या मात्र त्या सहा आठवड्यांनी खाल्ल्या होत्या.

हा व्यायाम कोणी करायचाच नाही?

हा प्रश्न घाईने वाचू नका. काही जणांच्या बाबतीत 'पडून राहा' हाच खरा सल्ला असतो.

बसल्या जागी छातीत दुखत असेल, किंवा दुखणं दिवसेंदिवस कमी श्रमात येऊ लागलं असेल, तर व्यायाम नाही, दवाखाना. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा निघाला असेल, किंवा महाधमनीची झडप खूप अरुंद झाली असेल आणि चालताना भोवळ किंवा धाप येत असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय एक फेरीही वाढवू नका. नुकताच झटका येऊन गेलेला, नाडी बेताल पळणारी, रक्तदाब आटोक्यात नसलेला, महाधमनीला मोठा फुगवटा असलेला, ही सगळी माणसं याच रांगेत. पायांवर सूज चढतेय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, रात्री आडवं झालं की गुदमरतं, असं असेल तर ते पाणी साठल्याचं लक्षण. आधी त्यावर उपचार. अंगात ताप असेल त्या दिवशीही सुट्टी.

यातल्या बऱ्याच जणांना बसून श्वासाचे हलके व्यायाम आणि खोकण्याचा सराव करता येतो. तेही विचारूनच.

किती दिवस आधी सुरू करायचं?

तारीख मिळाली त्या दिवसापासून. चार ते आठ आठवडे मिळाले तर उत्तम, दोन आठवड्यांतही श्वासाच्या स्नायूंना फरक पडतो. हातात पाचच दिवस असतील तर ताकद वाढवायच्या नादाला लागू नका. कुशीवर वळून उठणं, उशी धरून खोकणं, खोल श्वास घेणं, एवढं पक्कं करा.

चालायचं कसं आणि किती?

परवानगी मिळालेल्या बहुतेकांना मी पहिल्या दिवशी ५ मिनिटांनी सुरू करायला सांगते, दिवसातून तीन-चार वेळा, सपाट जागेवर. जमलं तर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक वेळेला १-२ मिनिटं वाढवायची. हळूहळू एका दमात २० ते ३० मिनिटांपर्यंत पोचलात तर छानच. नाही पोचलात तर दहा-दहाच्या तीन फेऱ्याही चालतात. सुरुवातीची आणि शेवटची ५ मिनिटं रमतगमत. एकदम थांबून खुर्चीत कोसळू नका, पायांत उतरलेलं रक्त वर यायला वेळ द्यावा लागतो. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्या.

जागा महत्त्वाची. पणजीत कांपालचा मांडवीकाठचा रस्ता सपाट आहे, तो धरा. आल्तिनोचा चढ ऑपरेशन होईपर्यंत विसरा. मिरामारला जाणाऱ्यांना सांगते, कोरड्या भुसभुशीत वाळूत चालू नका, तिथे तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त दम लागतो. गावात असाल तर शेताकडचा डांबरी रस्ता सकाळी सगळ्यांत बरा. सोबत कोणीतरी हवं आणि खिशात फोन हवा.

किती सुधारलं हे पाहायला आम्ही ६ मिनिटांची चाल घेतो. दवाखान्यात ३० मीटरच्या सरळ पट्टीवर ६ मिनिटांत किती मीटर झाले ते मोजतात. घरी ही परीक्षा स्वतःची स्वतः घेऊ नका, तिच्यात माणूस ईर्ष्येने पळतो.

नाडी किती असावी? मोबाईलवर मोजू का?

मोजायची तर मोजा, पण तिच्यावर विसंबू नका. बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असते. श्रम जास्त झाले तरी आकडा साधाच दिसतो आणि माणूस फसतो.

त्यापेक्षा तुमचं बोलणं खरं सांगतं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला की वेग कमी करा. दुसरी पट्टी शून्य ते दहाची: शून्य म्हणजे आरामखुर्ची, दहा म्हणजे यापुढे एक पाऊलही नाही. तुम्ही तीन-चारच्या आसपास राहायचं.

खुर्चीवरून उठायचा व्यायाम एवढा का करून घेता?

मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी सांधतात. ते भरून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढे दिवस हातांवर भार देऊन उठणं, ओढणं, ढकलणं यावर बंधन येतं. म्हणजे संडासातून, खाटेवरून, गाडीतून उठायचं ते फक्त मांड्यांच्या जोरावर.

कृती सांगते. हातवाली लाकडी खुर्ची घ्या. प्लॅस्टिकची असेल तर पाठ भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवर ती मागे सरकते आणि माणूस खाली बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे सरकून बसा, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. आता पुढे झुका, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या रेषेत येईल. तोंडाने श्वास सोडत उठा. बसताना मनात तीन मोजत हळू बसा. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. पाच वेळा, मग विसावा. सकाळ-संध्याकाळ. आठवड्याभरात दहापर्यंत न्या.

हात लावल्याशिवाय उठताच येत नसेल तर लाजू नका. बैठकीवर घट्ट घडी घातलेली चादर ठेवून उंची वाढवा आणि दर तीन-चार दिवसांनी एकेक घडी कमी करा. त्या काकांचं मी हेच केलं होतं, फक्त दिवस फार थोडे मिळाले.

खाटेवरून उठायचंही शिका. आधी गुडघे वाकवा, सगळं अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकत्र कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा आणि पायांच्या वजनाने धड वर येऊ द्या. वरून दोरी धरून ओढत उठायची सवय असेल तर ती दोरी आजच काढा.

श्वासाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र आणलंय. पुरेल का?

त्यात फुंकू नका, आधी हे सांगते. दहांतले निम्मे तरी लोक ते फुग्यासारखं फुंकत असतात. नळी तोंडात घट्ट धरून हळू आत ओढायचं, गोळ्या वर गेल्या की दोन-तीन सेकंद टिकवायच्या, मग नळी काढून श्वास सोडायचा. पाच वेळा झाले की थांबा, नाहीतर गरगरतं.

हे यंत्र खोल श्वास कसा घ्यायचा ते शिकवतं, ऑपरेशननंतर त्याचाच उपयोग होतो. श्वासाच्या स्नायूंची ताकद वाढवायला मात्र दुसरं, स्प्रिंगच्या अडसराचं छोटं यंत्र असतं. त्यातून श्वास आत घेताना मुद्दाम जोर लागतो. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी यावर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बायपासनंतर फुप्फुसाचा त्रास होण्याची जास्त भीती असलेले २७९ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना निदान दोन आठवडे रोज २० मिनिटं हे यंत्र दिलं, निम्म्यांना नेहमीची काळजी. नेहमीच्या गटात १०० पैकी ३५ जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली, यंत्रवाल्या गटात १८ जणांना. मला यातलं सगळ्यांत आवडतं ते हे की आठवड्यातले सहा दिवस ते लोक आपापल्या घरीच करत होते, फिजिओथेरपिस्ट फक्त एक दिवस बघायचे. आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे.

अडसर किती ठेवायचा हे मोजून ठरवावं लागतं. त्या अभ्यासात माणसाच्या पूर्ण जोराच्या ३० टक्क्यांपासून सुरुवात होती. ऑनलाइन मागवून अंदाजाने घट्ट करू नका.

फुप्फुसाचा एवढा बाऊ का? भूल दिल्यावर फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो. नंतर छाती दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायला घाबरतो, कफ तिथेच साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून खोकण्याचाही सराव: लहान घट्ट उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळायची, खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून 'हाs' करत जोराने सोडायचा, शेवटी एक खोकला.

बाबा रोज कपालभाती करतात. चालू ठेवू का?

नको. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरायचा कुठलाही प्रकार ऑपरेशनपर्यंत बाजूला ठेवा. श्वास कोंडून जोर केला की छातीतला दाब आणि रक्तदाब एकदम हलतात. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, संथ, चालेल. हाच नियम संडासात कुंथण्याला आणि सिलिंडर उचलण्याला लागू.

भजनाचं विचाराल तर माझा आग्रहच आहे, म्हणा. अभंगाची एक ओळ एका श्वासात पुरवणं हा उत्तम सराव. पण बसून, आणि टिपेचा सूर दुसऱ्याला देऊन. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली असेल तर घुमट आरतीत तोंडाने साथ करा, घुमट (ते मातीचं वाद्य) मुलाच्या गळ्यात अडकवा. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला स्टुलावर चढणं तर यंदा नाहीच.

पावसात कुठे चालायचं? आणि मे महिन्यात?

पडवीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चिऱ्यांवर शेवाळ धरतं, घसरून खुबा मोडला तर हृदयाचं ऑपरेशन राहतं बाजूला. पडवीची लांबी पावलांनी मोजा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारा पावलं असतील तर तेवढं वीसदा चाललात की २४० झाली. भिंतीवर खडूने रेघा मारा, नातवाला मोजायला बसवा. फ्लॅट असेल तर खालची पार्किंग.

एप्रिल-मेमध्ये ऊन्हापेक्षा दमट हवा जास्त छळते, घाम वाळतच नाही. सकाळी सातच्या आत उरका. पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर घाम आला म्हणून आपल्या मनाने वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.

चालताना छातीत दुखलं तर?

थांबा. जवळ जे असेल त्यावर बसा, चिऱ्यांचा गडगा, दुकानाची पायरी, काहीही. जिभेखालची गोळी तुम्हाला लिहून दिलेली असेल तर ती बसूनच ठेवा, उभ्याने ठेवलीत तर रक्तदाब उतरून पडाल. ५ मिनिटांत दुखणं ओसरलं नाही, वाढलं, घाम फुटला, दम लागला, तर १०८ ला फोन. गोव्यात ही रुग्णवाहिका फुकट येते. स्कूटरच्या मागे बसवून कोणाला नेऊ नका, आणि 'गॅस असेल' म्हणून सोडा पाजत बसू नका.

ओसरलं तरी त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना कळवायचं. कुठे, किती मिनिटांनी दुखलं ते वहीत लिहा. 'पूर्वी देवळापर्यंत जायचो, आता पुलापाशीच दुखतं' हे वाक्य डॉक्टरांसाठी फार मोलाचं, त्यावर तारीखही अलीकडे येऊ शकते.

मधुमेह आहे. काही वेगळं?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर चालण्याआधी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर आधी काही खा. खिशात साखर किंवा गूळ ठेवा. रोज चप्पल काढून तळवे बघा. बधिर पायाला फोड कळत नाही, आणि अंगावर उघडी जखम असेल तर ऑपरेशन लांबतं. शिवाय मधुमेहात छातीत न दुखताही हृदय तक्रार करतं. नुसती धाप, नुसता घाम, हेही थांबण्याचंच चिन्ह.

खाण्यात काय?

स्नायू नुसत्या चालण्याने होत नाहीत. पेजेसोबत नुसतं लोणचं नको, मूग, अंडं, बांगडा-तारल्यांसारखे ताजे मासे हवेत. सुक्या खाऱ्या मासळीचं प्रेम मला कळतं, पण त्यातलं मीठ पायांवर सूज आणतं. वजन झटपट उतरवायला उपास धरू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनं किती, ते डॉक्टरांकडून.

सिगारेट आधी सोडून काय फायदा? आता उशीरच झालाय.

उशीर झालेला नाही. चार आठवडे आधी सोडली तर फुप्फुसांना स्वच्छ व्हायला बराच वेळ मिळतो, पण चार दिवस असतील तर चार दिवस. तंबाखू, तपकीर सगळं यात आलं.

आई दिवसभर घरकाम करतेच. तिला वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न मुलगे विचारतात, आणि आई स्वयंपाकघरातून ऐकत असते. घरकामात थांबायची मुभा नसते. कळशी उचलायची म्हणजे उचलायची, नारळ सोलायचा म्हणजे सोलायचा, तोही श्वास कोंडून. व्यायामात आपण ठरवतो किती आणि कुठे थांबायचं. म्हणून उलटं करा: जड उचलणं, वाकून फरशी पुसणं, उंचावरचे डबे तिच्याकडून काढून घ्या, आणि तिची चालायची वीस मिनिटं घड्याळ लावून राखून ठेवा. त्या वेळात कोणी तिला चहा मागायचा नाही. बायका छातीतल्या दुखण्याला 'पाठ भरलीय', 'दमल्यासारखं वाटतंय' म्हणतात, तेही नीट ऐका.

बाबा घाबरलेत, चालायलाच तयार नाहीत.

घाबरणारच, छाती उघडणार आहेत. मी अशांना व्यायाम शिकवत नाही, आधी विचारते भीती कसली. कोणाला भूल उतरणार नाही असं वाटतं, कोणाला मुलीचं लग्न राहिल्याची काळजी. मग अंगणात एक फेरी सोबत मारते. दुखलं नाही, हे शरीराला एकदा कळलं की दुसरी फेरी ते स्वतः मारतात.

कॅनडात हॅमिल्टनला जवळपास अडीचशे रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००० साली आला. बायपासची वाट पाहणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा व्यायाम, माहितीचे तास आणि परिचारिकेचा दर महिन्याला फोन. ही माणसं इस्पितळातून सरासरी एक दिवस आधी घरी गेली. त्यातलं श्रेय व्यायामाचं किती आणि त्या फोनचं किती, हे मी कधीच वेगळं करायला जात नाही. तुमच्याकडे परिचारिका नसेल, पुण्याला असलेली लेक असेल. तिने रोज संध्याकाळी 'आज किती फेऱ्या, बाबा?' एवढं विचारलं तरी चालतं.

हे शिकायला जायचं कुठे?

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन ठरलं असेल तर तिथल्याच डॉक्टरांकडून फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी मागून घ्या. ती आपणहून मिळायची वाट पाहू नका, ओपीडीच्या गर्दीत राहून जातं. बेळगावला किंवा मुंबईला जाणार असाल तर तिथले व्यायाम आधी विचारून घ्या आणि घराजवळच्या फिजिओथेरपिस्टला कागद दाखवा. जाताना ॲन्जिओग्राफी, टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल आणि गोळ्यांची यादी सोबत हवी. एको न बघता तुम्हाला व्यायाम देणाऱ्याकडे थांबू नका.

मध्येच तारीख पुढे ढकलली तर?

होतं असं. सर्दी-ताप आला, दाताचा संसर्ग निघाला, अचानक एखादा गंभीर रुग्ण आला. झडपेच्या ऑपरेशनआधी दात तपासतात ते उगीच नव्हे, तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसतात. चिडचिड होणार, होऊ द्या. व्यायाम मात्र होता तिथून चालू ठेवा. ताप येऊन गेला असेल तर बरं वाटल्यावर निम्म्यापासून.

आदल्या दिवशीही करायचं का?

हलकं चालणं, श्वासाचे व्यायाम दोन-तीन वेळा, बस्स. नवीन काही नाही. संध्याकाळी बॅग भरताना ज्या उशीवर खोकण्याचा सराव केलात ती घाला, तीन गोळ्यांचं यंत्र घाला, पायांत सैल न होणारी चप्पल घाला. उशीवर नाव लिहा, वॉर्डात सगळ्यांच्या सारख्याच दिसतात.